लेन्सच्या जरा डावीकडं

६ एप्रिल २०२५, रविवार

आज साठ पूर्ण झाली. प्रणितनं पुण्याहून कुरियर पाठवलं. मला वाटलं चप्पल असेल, गेल्या वर्षी तीच आली होती. उघडलं तर फिल्मचे पाच रोल. ब्लॅक अँड व्हाइट, छत्तीस-छत्तीस फोटोंचे. डबीचं झाकण काढून आधी वास घेतला. तोच वास. रंभा म्हणाली, "अवो, खाताय काय?"

पोरगा फोनवर सांगतो, बाबा, हल्लीची पोरं परत फिल्मवर यायला लागलीत, तुम्ही तर मुळातलेच. सोबत ही वहीही पाठवलीय. प्रत्येक फोटोचं शटर किती, ॲपर्चर किती ते लिहून ठेवा म्हणे. मला नुसते आकडे लिहायला जमणार नाही, बाकीचंही त्यात येणारच. वही माझी आहे, कुणाला वाचायला देणार नाही.

रोह्यात माझा स्टुडिओ पस्तीस वर्षं आहे. आता तिथं पासपोर्ट फोटो आणि झेरॉक्स. डार्करूममध्ये झेरॉक्सच्या कागदाचे गठ्ठे ठेवलेत. संध्याकाळी ते सगळे बाहेर काढले, लाल बल्ब लावून बघितला, पेटला. रंभा दारात उभी होती. म्हणाली, "दोन वर्षांनी तुमचं तोंड असं दिसतंय." मी म्हटलं, तोंडाला काय झालं होतं? तर म्हणे, "बंद होतं."

खरं आहे ते. लग्नांच्या फोटोंचं काम गेल्यापासून मी घरात फारसा बोलत नव्हतो.

९ एप्रिल

ठरलं. पाचही रोल एकाच माणसावर घालवायचे, आणि तेही कमी उजेडात. आयुष्यभर लग्नांत लोकांना फ्लॅशनं भाजून काढलं. नवरा पांढरा, नवरी पांढरी, मागचा मंडपही पांढरा. अंधारातून हळूहळू वर येणारा एक चेहरा काढायचा हे मनात होतं, पण गिऱ्हाईक म्हणणार, काळा आला. आता गिऱ्हाईकच नाही, तर भीती कुणाची?

माणूस म्हणजे रंभाच. दुसरं कोण बसणार दोन-दोन तास? तिला मात्र आठवड्यातून चार दिवस हमरापूरला जावं लागतं. तिथं तिच्या भावाचा, पोपटचा गणपतीचा कारखाना आहे. चौदाव्या वर्षापासून ती मूर्तींचे डोळे रंगवते. त्यांच्यात त्याला डोळे उघडणं म्हणतात. पेणची मूर्ती म्हणून लोक लांबलांब घेऊन जातात, त्यातल्या किती माझ्या बायकोच्या हातानं बघायला लागल्या असतील, देवालाच ठाऊक.

ती घरी असेल त्या दिवशी दुपारी दोन ते चार. दुकानाचं शटर खाली ओढायचं, पत्र्याच्या डब्याला भोक पाडून आत पंधरा वॅटचा बल्ब. कॅमेरा स्टँडवर, मी त्याच्या डाव्या बाजूला हातात फोटो दाबायची केबल धरून उभा.

पहिल्याच दिवशी बाईसाहेबांनी स्टँडला लाथ मारली. म्हटलं, "बघून चाल की गो."

"काळोख हाय ना."

"काळोख नाय, मंद उजेड आहे. फरक असतो."

"असंल बाबा."

स्टुलावर बसली पण लेन्समध्ये बघेना. जरा डावीकडंच बघायची. दहादा सांगितलं, गोल काचेत बघ, काचेत. हो म्हणायची आणि परत तेच. शेवटी म्हणाली, "तुमी बोलत ऱ्हा. गप झालात की मला करमत नाय." लग्नाला तेहतीस वर्षं झाली आणि आता करमत नाय. मनातून बरं वाटलं, खोटं कशाला लिहू. मग बोलत राहिलो. बाजारातलं, प्रणितच्या लहानपणातलं, काय वाटेल ते.

चारशेची फिल्म, कमी उजेडासाठी सोळाशेची धरून. ॲपर्चर दोन, शटर सेकंदाचा पंधरावा भाग. नऊ फोटो.

२० एप्रिल, रविवार

पहिला रोल धुतला. बारा वर्षांनी फिल्म धुवायची टाकी हातात घेतली. रीळ चढवायला बोटं विसरली नव्हती. सुकल्यावर निगेटिव्ह उजेडाला धरली आणि खुर्चीवर बसलो.

तेवीस नंबर. त्या वेळी माझ्या हातातली केबल सुटून खाली पडली होती, ती शोधायला मी वाकलो होतो, एक-दोन मिनिटं गप्प. सापडल्याबरोबर वर न उठता तसंच दाबलं. आणि नेमका तोच फोटो! अर्धा चेहरा अंधारात, ओठ जरासे उघडे, नजर कुठंतरी लांब लागलेली, कशावरच नाही. असा भाव मी पस्तीस वर्षांत कुणाच्या तोंडावर पकडला नव्हता.

मोठा प्रिंट काढून तिच्यासमोर धरला. विचारलं, तेव्हा मनात काय चाललं होतं गो?

"काय नाय. तुमी कुठं गेलात ते बघत व्हते."

हसलो. बायको कलावंत, पण तिला आपल्यातलं काय चांगलं ते कळत नाही.

४ मे, रविवार

हमरापूरला गेलो, तिला कामावर बसलेली काढावी म्हणून. पोपटनं चहा पाजला. त्याच्या कारखान्यात वडिलांपासून एक नियम आहे. ज्यानं उजवा डोळा उघडला त्यानंच डावा उघडायचा, आणि दोन्ही होईपर्यंत जागचं उठायचं नाही. मधे फोन नाही, पाणी नाही. दोन डोळ्यांत दोन माणसांचा हात आला की देव दोन दिशांना बघतो म्हणतात.

रंभा वीतभर मूर्तींच्या रांगेत बसली होती. मोठ्या मूर्ती हौसाकडं, म्हणजे धाकट्या बहिणीकडं. असं का म्हणून मी विचारलं तर हौसा खाली मान घालून रंग ढवळायला लागली. आता नवीनच सवय बघितली. रंभा ब्रश टेकवायच्या आधी डाव्या हाताच्या करंगळीनं मूर्तीचं नाक चाचपते. पूर्वी असं करायची नाही. मी त्याचाही फोटो काढला. हात सुंदर दिसतो.

निघताना पोपटनं बाजूला घेतलं. "दाजी, ताईला घरी कसलं टेन्शन हाय काय? मोठ्या तीन मूर्ती पुसायला लागल्या. एकेक डोळा बघाल तर फस्क्लास. दोन्ही मिळून बघाल तर एक तुमच्याकडं, एक खिडकीकडं." माझं डोकंच फिरलं. चाळीस वर्षं जिच्या हातावर धंदा केला तिच्याबद्दल हे? बोललो त्याला दोन शब्द.

गाडीत तिला सांगितलं. निडी स्टेशन येईपर्यंत पदराचं टोक गुंडाळत बसली. मग म्हणाली, "मोठी मूर्ती आता हौसाला जमते. जमू दे." किती मोठं मन. दुसरी असती तर भांडली असती.

रोह्याला उतरलो तेव्हा दिवेलागण झाली होती. तिनं माझा शर्ट मागून धरला, रिक्षापर्यंत सोडला नाही. लोक बघत होते. मी म्हटलं, अगो, नवीन लग्न झालंय काय? ती हसली. हसली पण शर्ट सोडला नाही.

२ जून

आज भांडण. लिहायला नको वाटतं, पण लिहितो.

दुसरा रोल धुवायला डेव्हलपर कालवून टेबलावर ठेवला होता. ती चहा घेऊन आली आणि कोपरानं अख्खं भांडं उलटं केलं. एवढं मोठं भांडं, अगदी तिच्या उजव्या हाताशी. मी ओरडलो, "डोळे फुटले काय तुझे?"

ती फडकं आणून पुसायला बसली. पुसलं तेही अर्धंच, उजव्या बाजूचं तळं तसंच ठेवून उठली. मला वाटलं रागानं. मीही मग रागानं स्वतःच पुसलं.

३ जून

दोन वाजता आपणहून येऊन स्टुलावर बसली. "चला, बोला." मी कालचा विषय काढायला लागलो तर म्हणाली, "ते नको. दुसरं बोला."

अकरा फोटो. शटर आठवा. आज जवळजवळ स्थिर बसली. कौतुक केलं तिचं.

२० जुलै, रविवार

पेणला एका शाळेच्या सभागृहात फोटोंचं प्रदर्शन भरलं. प्रणितच्या ओळखीनं माझा तेवीस नंबर घेतला. त्यांनी नाव दिलं 'नजर'. मला नाव आवडलं. रंभाला नवीन लुगडं नेसवून नेलं, तिथं हौसा आली.

हॉलमध्ये खिडक्यांना काळे पडदे, नुसते फोटोंवर बारके दिवे. मी ओळखीच्या माणसाशी बोलायला थांबलो. लोक म्हणत होते ह्याच का त्या, ह्याच का त्या. रंभा एका फोटोसमोर जाऊन उभी राहिली, पदर नीट केला आणि मोठ्यानं म्हणाली, "बरा आलाय वो. तुमी म्हणत व्हता तसाच हाय."

समोर खाडीतल्या तीन होड्यांचा फोटो होता. तिचा पलीकडच्या भिंतीवर.

सगळे हसले. एक जण म्हणाला, काकू भारी विनोदी आहेत. मीही हसलो. रंभा पण हसली, जरा उशिरानं. हौसा तेवढी हसली नाही. तिनं येऊन रंभाचं कोपर धरलं आणि तिला हळूच वळवलं.

गाडीत रंभा झोपल्यासारखी बसली होती. मी तिच्याकडं बघत आलो. ही अशी चेष्टा कधी करत नाही. लोकांसमोर तर कधीच नाही.

२१ जुलै

झोप नव्हती. उजाडताच स्टुडिओत येऊन तिन्ही रोलच्या पट्ट्या काचेवर मांडल्या, भिंग घेतलं. पहिल्या फोटोपासून शेवटपर्यंत. एकशे आठ.

एकाही फोटोत ती लेन्समध्ये बघत नाही.

मी उभा असायचो कॅमेऱ्याच्या डावीकडं. नजर डावीकडं. १४ मे रोजी स्टँडचा स्क्रू ढिला झाला म्हणून मी उजवीकडं उभा होतो, वहीत लिहून ठेवलंय. त्या दिवसाचे सातही फोटो उजवीकडं. मी बोलत होतो तिथं ती बघत होती. आणि जिथं मी गप्प होतो, तिथं तिची नजर कुठंच नव्हती. माझा तेवीस नंबर. माझा भाव.

मी केबल शोधत होतो आणि ती मला शोधत होती, तीन हातांवरून.

दुकानाचं शटर उघडलं नाही दिवसभर.

२२ जुलै

विचारलं. सकाळी, दारातल्या उजेडात. ती तांदूळ निवडत होती, म्हणजे बोटांनी चाचपत होती. मी म्हटलं, रंभे, तुला दिसत नाय.

ती म्हणाली, "हाय की. तुमी दिसता. नाक दिसतं. कान बघायला गेलं की नाक जातं."

कधीपासून? संक्रांतीच्या आधीपासून म्हणे. कडेचं जायला लागलं. मग मूर्तीचा एक डोळा रंगवताना दुसरा दिसेना, म्हणून बारक्या मूर्ती घेतल्या, त्यात दोन्ही मावतात. मोठ्या असतील तर उजवा ती काढायची आणि डावा हौसा, पोपट जेवायला गेला की. बापाचा नियम मोडला म्हणून रडली. डोळ्यांसाठी नाही रडली, नियमासाठी रडली.

"आणि काळोखात?"

"काळोखात कायच नाय."

मग मी तो प्रश्न विचारला. काहीच दिसत नव्हतं तर माझ्यासमोर तीन महिने अंधारात का बसलीस? ती म्हणाली, "तुमी बोलत व्हतात ना. दोन ते चार. नायतर तुमी कुठं बोलता."

मी उठून मोरीत गेलो आणि नळ सोडून रडलो.

२५ जुलै, शुक्रवार

डोळ्यांच्या डॉक्टरांकडं नेलं. काचबिंदू. मोतीबिंदू नाही, तो काढता येतो. हा कडेनं खात आत येतो, दुखत नाही, आणि गेलेलं परत येत नाही. उजवा जवळजवळ संपलाय. डाव्यात मधलं थोडं आहे, नळीतून बघावं तेवढं. थेंब रोज घालायचे, राहिलंय ते राहील तितके दिवस राहील. फार दिवसांची आशा डॉक्टरांनी दाखवली नाही.

डॉक्टर बाई चांगल्या होत्या. साधंच विचारलं, "घरात कुणाच्या लक्षात आलं नाही का? अडखळणं, सांडणं, एका बाजूचं न दिसणं? सहा महिने आधी आला असतात तर बरंच वाचलं असतं."

लक्षात! माझ्याकडं तर तारखेवार लिहिलेलं आहे. स्टँडला लाथ, ९ एप्रिल. शर्ट धरला, ४ मे. भांडं सांडलं, उजव्या बाजूचं पुसलं नाही, २ जून. शेजारी शटर आणि ॲपर्चरसुद्धा आहे. माणसाच्या तोंडाकडं बघण्याचाच माझा धंदा, आणि मी फक्त तोंडावरचा उजेड बघितला.

'डोळे फुटले काय तुझे' हेही माझ्याच अक्षरात आहे. खोडायला पेन घेतलं, नाही खोडलं. राहू दे.

२९ जुलै

प्रदर्शनवाल्यांचा फोन. 'नजर' विकत मागतंय कुणीतरी. नाही म्हटलं. परत आणून कपाटावर उलटा ठेवला.

रंभावर चिडलो आज. सांगितलं का नाहीस, मी परका आहे काय, असं बरंच. ऐकून घेतलं तिनं. मग म्हणाली, "सांगितलं असतं तर तुमी रोल बंद केला असता. परत भिंतीकडं तोंड करून बसला असता."  तसंच केलं असतं मी.

९ ऑगस्ट, शनिवार

राखीला पोपट आला. त्याला सगळं सांगितलं. मोठा माणूस, पण पोरासारखा हुंदके द्यायला लागला. "मी ताईच्या मूर्ती पुसल्या गो," एवढंच म्हणत होता. रंभा त्यालाच समजावत बसली. राखी बांधताना मनगट एकदा चुकलं. त्यानं हात हळूच पुढं सरकवला.

यंदापासून तिनं कारखान्यात जायचं नाही असं ठरलं. फक्त आमच्या घरचा गणपती तीच करणार, शेवटचा. त्यावर ती अडून बसली.

२४ ऑगस्ट, रविवार

हमरापूर. पोपटनं कारखान्यातल्या सगळ्यांना बाहेर काढलं. आत रंभा, हौसा, पोपट आणि मी. वीतभर मूर्ती खिडकीत, भर उजेडात ठेवली. अकरा वाजता बसली.

करंगळीनं नाक चाचपलं. उजवा डोळा दीड तास. मग मूर्ती जरा फिरवून डावा. हौसाचा हात दोनदा आपोआप पुढं गेला, दोन्ही वेळा तिनंच मागं घेतला. रंभाच्या मानेवरून घाम उतरत होता. पाणी मागितलं नाही, उठली नाही. मी कॅमेरा नेला होता, पिशवीतून काढला नाही.

सव्वातीनला ब्रश ठेवला. "झाला," म्हणाली.

पोपटनं मूर्ती हातात घेऊन बघितली आणि माझ्याकडं बघितलं. डावा डोळा जरासा बाहेर गेलाय. केसभर. देव सरळ बघत नाही, जरा डावीकडं बघतो. पुसू का, असं पोपटच्या तोंडावर होतं. मी मान हलवून नाही म्हटलं.

"कसा आलाय?" रंभानं विचारलं.

"झकास," मी म्हटलं. आणि खरंच म्हटलं.

२७ ऑगस्ट, गणेश चतुर्थी

गणपती बसला. देव डावीकडं बघतो म्हणून पूजेला मी माझा पाट डावीकडं सरकवून घेतला. भटजी म्हणाले, मधे बसा. म्हटलं, इथंच बरं आहे.

जेवणं झाली. पुण्याहून आलेला प्रणित झोपला. दोन वाजले आणि रंभा म्हणाली, "स्टुडिओ उघडा."

मला वाटलं फोटो काढून घ्यायचाय. म्हटलं, रोल आहेत अजून दोन. ती म्हणाली, "कॅमेरा नको. दिवे लावा. लग्नाच्या फोटोला लावायचात तसले, सगळे."

धूळ खात पडलेले चारही हॅलोजन ओढून काढले. एकाचा बल्ब गेला होता, बाकी तीन लागले. स्टुडिओ पांढरा झाला, छताची कोळ्याची जाळीसुद्धा दिसायला लागली. तिनं मला हाताला धरून त्या स्टुलावर बसवलं. स्वतः समोर उभी राहिली, कॅमेरा असायचा तिथं.

"आता हलू नका. मला बघून घेऊ दे."

आधी कपाळ बघत असावी. मग जरा खाली. तिला एका वेळी थोडंथोडंच दिसतं, म्हणून वेळ लागत होता. मी हललो नाही. घाम डोळ्यात गेला तरी पुसला नाही. कानापाशी आली तेव्हा म्हणाली, "इथं तीळ हाय व्हय? तेहतीस वर्षं झाली."  परत बघायला लागली.

मग ती गप्प झाली. बराच वेळ.

आणि मला कळलं की मला ती दिसत नाही. तिन्ही दिवे माझ्या तोंडावर होते, त्यांच्या मागं सगळं काळं. ती समोर आहे, बाजूला गेली, की दारात आहे, काही कळेना. मी लेन्स असायची तिथं बघत होतो आणि तिथं कुणी नव्हतं.

म्हटलं, "रंभे, बोलत ऱ्हा गो."

"इथंच हाय मी," ती म्हणाली. आवाज जरा डावीकडून आला. मी तिकडं बघितलं.